खेळ निवडण्याआधी स्वभाव ओळखा

कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला चार मित्र गेले, की एक जण रांगेत पहिला नंबर लावतो, दुसरा पायऱ्या उतरून कुंड न्याहाळतो, तिसरा गप्पांत रमतो आणि चौथ्याला कुणाशी तरी पैज लावायचीच असते. इंटरनेटवर हजारो जण एकाच वेळी एखादी भूमिका घेऊन खेळतात, तिथेही हीच चार माणसे भेटतात. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात अशा खेळांचा पूर्वज जन्मला. त्याच्या दोघा निर्मात्यांपैकी रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले: मिळवणारा, शोधणारा, माणसे जोडणारा आणि झुंजणारा.

एकेक कौशल्य वाढवायचे असेल, तर ‘रूनस्केप’ घ्या. भटकंतीसाठी ‘गिल्ड वॉर्स २’, गट जमवून मोहिमा करायला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’, तर डावपेचांसाठी ‘ईव्ह ऑनलाइन’.

मात्र खिसाही पाहा. वॉरक्राफ्टला विसाव्या पातळीनंतर वर्गणी भरावी लागते. गिल्ड वॉर्सला मासिक वर्गणी नाही. रूनस्केप मोबाइलवरही चालतो. आधी आठवडाभर फुकटचा भागच खेळा. मोहीम अर्धवट सोडली तर साथीदार अडतात, आणि न सोडावी तर अभ्यास बुडतो. म्हणून रोज किती वेळ द्यायचा, हे घरच्यांशी बोलून आधीच ठरवा.