अडवणे, नाउमेद करणे, आवरणे : इंग्रजीतील काही क्रियापदांविषयी

पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत जोडायचे निवेदन तपासून घेण्यासाठी माझ्याकडे आली होती. इंदूरमधल्या आपल्या बहुतेक मुलांचे असते तसेच तिचे : घरात मराठी, बाजारात हिंदी आणि अर्ज इंग्रजीत. निवेदनात एक वाक्य होते, त्याचा आशय असा, की वडिलांनी मला पुढे शिकण्यापासून ‘प्रिव्हेंट’ केले. मी विचारले, “प्रिव्हेंट केले, तर मग तू एम. ए.च्या वर्गात कशी?” ती गोंधळली. म्हणाली, “सर, आधी मराठीत ‘परावृत्त केले’ असे लिहिले होते. मग कोशात पाहून इंग्रजी शब्द घातला.” वडिलांनी प्रत्यक्षात काय केले, असे विचारल्यावर कळले, की ते अधूनमधून एवढेच म्हणत, “आपल्याला झेपणार आहे का हे? एवढे शिकून पुढे काय?” फी मात्र दर वर्षी वेळेवर भरत.

एका चुकीच्या क्रियापदाने एक साधा, काळजीत पडलेला बाप मुलीचे शिक्षण बंद पाडणारा ठरला होता. दोष केवळ इंग्रजीच्या अज्ञानाचा नव्हता. ‘परावृत्त करणे’ हा आपला शब्दच इतका सैल झाला आहे, की धाकाने, समजुतीने, निराशेने किंवा बळाने, कसेही थांबवले तरी आपण तोच वापरतो. इंग्रजीत या प्रत्येकासाठी वेगळे क्रियापद आहे. त्यांतील भेद ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे होतात. अडथळा कुठे आहे : मनात, वाटेत की नियमात? अडवणारा दुसरा कोणी आहे की आपण स्वतः? आणि शेवटी ती कृती घडली की नाही?

प्रथम मनाला थांबवणारे शब्द पाहू. ‘डिटर’मध्ये भीती आहे. हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला त्याचा अर्थ घाबरवणे, ‘टेरर’ही त्यातलाच. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृत ‘त्रस्’ धातूशी, म्हणजे आपल्या ‘त्रास’, ‘संत्रस्त’ या शब्दांच्या मुळाशी जोडतात. फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी असली, की कुत्रा झोपलेला असला तरी चोर बिचकतो. हे ‘डिटर’ करणे. मराठीत यासाठी वचक, जरब, धाक असे नेमके शब्द आहेत. इटालियन विचारवंत बेकारिया याने 1764 साली गुन्हे आणि शिक्षा यांवरील ग्रंथात मांडले, की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती चुकणार नाही या खात्रीचा परिणाम अधिक होतो. तो विचार या वचकाचाच आहे.

‘डिस्वेड’मध्ये भीती नाही, बोलणे आहे. त्याच्या लॅटिन मुळाचे नाते गोडीशी, संस्कृत ‘स्वादु’शी आहे. समजूत घालून एखाद्याचा बेत बदलायला लावणे, आपल्या भाषेत मन वळवणे, हा त्याचा अर्थ. मन वळले नाही तर नुसते ‘डिस्वेड केले’ असे म्हणता येत नाही. तसा प्रयत्न केला, असे म्हणावे लागते. ‘डिस्करेज’चे तसे नाही. त्याच्या पोटात हृदयवाचक शब्द आहे. धैर्य काढून घेणे, नाउमेद करणे हा मूळ भाव. नाउमेद झालेला माणूस काम सोडतोच असे नाही. सूचनाफलकावर एखादी गोष्ट ‘डिस्करेज’ केली जाते असे लिहिले असेल, तर ती बंदी नव्हे. ती न केलेली बरी, एवढेच. ‘डॉन्ट’ या शब्दाचे मूळ माणसाळवणे, वेसण घालणे या अर्थाचे असून संस्कृत ‘दम्’ हा त्याचा आप्त आहे. समोरच्या गोष्टीचा आवाका पाहून छाती दडपणे, कच खाणे, असा त्याचा आजचा आशय.

दुसरा गट वाट अडवणाऱ्यांचा. ‘इम्पीड’च्या मुळाशी पाय आहे, लॅटिनमधील तो पायवाचक शब्द आणि आपले ‘पद’ एकाच कुळातले. पाय अडकवणे हा त्याचा मूळ अर्थ. मराठीतील ‘खोडा घालणे’ अगदी याच कल्पनेतून आले आहे, कारण खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवण्याचा लाकडी ओंडका. ‘हिंडर’ म्हणजे मागे पाडणे. या दोन्हींत काम रखडते, पण पुढे होऊही शकते. ‘प्रिव्हेंट’चा मूळ अर्थ आधी येणे, आणि 1611 सालच्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात तो त्याच अर्थाने आढळतो. आज त्याचा अर्थ आधीच उपाय करून गोष्ट घडू न देणे असा आहे. गोष्ट घडली, तर ‘प्रिव्हेंट’ झाले नाही. माझी विद्यार्थिनी नेमकी इथे अडली होती.

तिसरा गट नियमाचा. ‘फर्बिड’मध्ये बहुधा अधिकाराची व्यक्ती असते, जसे आईवडील किंवा गुरू, ‘प्रोहिबिट’मध्ये कायदा वा संस्था. तरी हा भेद काटेकोर नाही : भारतीय संविधानाच्या इंग्रजी पाठात अस्पृश्यतेच्या आचरणासाठी अनुच्छेद 17 मध्ये पहिला शब्द आहे, तर वेठबिगारीसाठी अनुच्छेद 23 मध्ये दुसरा. महत्त्वाचे हे, की मनाई केली म्हणजे गोष्ट थांबली असे नव्हे. अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात देशभर दारूबंदी होती. दारू ‘प्रोहिबिट’ झाली, पण ‘प्रिव्हेंट’ झाली नाही. कायद्याच्या भाषेत आणखी एक जोडी येते. ‘डिटरंट’ शिक्षा गुन्हा घडल्यावर, इतरांना वचक बसावा म्हणून दिली जाते. अनुच्छेद 22 मधील ‘प्रिव्हेंटिव्ह’ स्थानबद्धता गुन्हा घडण्याआधीची असते. दोन्हींना सरसकट ‘प्रतिबंधक’ म्हटले, तर आधी आणि नंतर हा मुख्य भेदच पुसला जातो.

शेवटचा गट आवरण्याचा. ‘रिस्ट्रेन’ म्हणजे आवळून धरणे. दुसऱ्यालाही धरता येते, स्वतःलाही. ‘रिफ्रेन’चे मूळ घोड्याच्या लगामात आहे, पण हा लगाम आपणच आपल्याला घालायचा असतो. म्हणून ‘त्याने मला रिफ्रेन केले’ ही रचना, जी उत्तरपत्रिकांत हमखास दिसते, इंग्रजीत संभवत नाही. गाण्याच्या ध्रुवपदाला म्हणतात तो ‘रिफ्रेन’ वेगळा. तो मोडणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे. ‘इनहिबिट’ म्हणजे आतून अडणे : सभेत बोलू पाहणाऱ्याची भीड, बुजरेपणा. रसायनांच्या संदर्भात तोच शब्द क्रिया मंदावणे वा रोखणे या अर्थाने येतो. ‘चेक’ तर आपला ओळखीचाच. बुद्धिबळातील ‘शाह’ या फारसी शब्दावरून तो युरोपात गेला, आणि त्यावरूनच आपण ‘शह देणे’ म्हणतो.

मराठीत उलट जाताना एक सावधगिरी हवी. इंग्रजीच्या वळणाने आपण सर्रास ‘जाण्यापासून रोखले’, ‘बोलण्यापासून परावृत्त केले’ असे लिहितो. आपल्या भाषेची ठेवण ‘जाऊ दिले नाही’, ‘बोलायला मनाई केली’, ‘त्याचा बेत मोडला’ अशी आहे. अशी रचना करू लागलो, की कोणी काय केले हे सांगावेच लागते आणि योग्य इंग्रजी शब्द आपोआप जवळ येतो.

त्या मुलीने निवेदन पुन्हा लिहिले, या वेळी आधी मराठीत : “बाबांनी मला कधीकधी नाउमेद केले, पण अडवले कधीच नाही. फी तेच भरत होते.” त्याचे इंग्रजी करताना तिला कोश उघडावा लागला नाही.