लाइफ जॅकेट आणि दवाखाना दूर असताना

माणसाच्या शरीराचे वजन जवळजवळ तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याइतके असते. छातीत हवा भरलेली असली तर बहुतेक जण जेमतेम तरंगतात आणि श्वास सोडला की खाली जाऊ लागतात. डोके पाण्याबाहेर ठेवायला प्रौढ माणसाला तीन ते पाच किलोंची जादा उचल पुरते. ही उचल लाइफ जॅकेट देते. दमलेल्या, घाबरलेल्या किंवा डोक्याला मार बसलेल्या माणसाकडून हातपाय हलवण्याची अपेक्षा करता येत नाही. चांगले जॅकेट तशी अपेक्षा ठेवतही नाही.

ब्रिटिश जीवनौकांवरील खलाशांसाठी कॅप्टन वॉर्ड यांनी 1854 मध्ये बुचाचे जॅकेट तयार केले. 1861 मध्ये इंग्लंडच्या व्हिटबी बंदरात वादळात जीवनौका उलटली आणि 13 पैकी 12 खलाशी बुडाले. वाचलेला हेन्री फ्रीमन हा एकटाच नवे बुचाचे जॅकेट घालून होता. विसाव्या शतकात बुचाची जागा पांढऱ्या सावरीच्या कापसाने घेतली. उशा-गाद्यांत भरतात तो हा कापूस आतून पोकळ आणि वरून मेणचट असल्याने पाणी सहज शोषत नाही. पुढे फोम आला. तो फाटला तरी तरंगतो.

जॅकेटची उचल न्यूटनमध्ये मोजतात. 10 न्यूटन म्हणजे साधारण एक किलोची उचल. 50 न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी असते. मदत जवळ असेल अशा शांत पाण्यात ते चालते, पण बेशुद्ध माणसाला ते उताणे करत नाही. 100 न्यूटनच्या जॅकेटला पाठीमागे कॉलर असते आणि ते तोंड पाण्याच्या वर ठेवण्याच्या हिशेबाने बेतलेले असते. खोल समुद्रासाठी 150 न्यूटन लागतात. गॅसने फुगणारी जॅकेट अंगावर हलकी वाटतात, पण लहान मुले, पोहता न येणारे आणि खळाळत्या नदीतील राफ्टिंग यांसाठी फोमचेच जॅकेट योग्य.

जॅकेट जवळ असणे आणि ते अंगावर नीट बसलेले असणे यांत मोठा फरक आहे. अमेरिकी तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत नौकाविहारातील मृतांपैकी साधारण तीन चतुर्थांश बुडून गेलेले दिसतात आणि त्या बुडालेल्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नसते. मुंबईजवळ 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीकडे निघालेली ‘नीलकमल’ ही प्रवासी बोट नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून बुडाली. शंभराहून अधिक माणसे संकटात सापडली आणि दहाहून अधिक दगावली. बोट कलंडत असताना बाकाखालचे जॅकेट शोधून, बक्कल लावून, पट्टे आवळून होत नाही. ते बोटीत पाय ठेवण्याआधी घालायचे असते.

बसणीची कसोटी सोपी आहे. सगळे पट्टे खालून वर आवळावेत आणि दुसऱ्याने दोन्ही खांद्यांपाशी धरून जॅकेट वर ओढावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. मुलांच्या जॅकेटला जांघेतून जाणारा पट्टा हवाच, आणि ‘मोठे घेऊ, पुढच्या वर्षीही होईल’ हा कपड्यांचा हिशेब येथे जिवावर बेततो.

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवर होणाऱ्या राफ्टिंगचे गणित धरणाशी बांधलेले आहे. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली येते आणि ते सोडले की नदी राफ्ट चालण्याइतकी भरते. अशा प्रवाहात पडलेल्याने उभे राहू नये. दगडांच्या फटीत पाय अडकला की पाण्याचा लोंढा माणसाला पुढे वाकवून बुडवतो, जॅकेट असले तरीही. उताणे पडावे, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि बोटे पाण्याच्या वर ठेवावीत, मग तिरके पोहत काठ गाठावा.

बुडणारा माणूस फारसा ओरडत नाही. तोंड वारंवार पाण्याखाली जात असल्याने आवाज काढायलाच श्वास उरत नाही. हात बाजूला पसरून पाण्यावर दाबले जातात आणि हे चित्र मिनिटभरात संपू शकते. काठावरच्याने आधी काठी किंवा वल्हे पुढे करावे, नाहीतर दोर फेकावा. पाण्यात उडी हा शेवटचा उपाय. बुडणाऱ्याच्या मिठीत वाचवायला गेलेलाही जातो.

बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढण्याची रीत अजून सर्रास दिसते. ती टाकून द्यावी. त्याने पोटातले अन्न श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. बुडालेल्याचे हृदय बहुधा प्राणवायूअभावी थांबलेले असते, म्हणून येथे श्वास आधी. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडाने पाच श्वास द्यावेत, मग छातीवर 30 दाब आणि दोन श्वास असे चक्र (सीपीआर) चालवावे. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यावे. फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

डॉक्टरपर्यंत पोचायला तासाहून अधिक लागेल अशा जागी करायच्या उपचारांचे शास्त्र अमेरिकेत 1980 च्या दशकात आकाराला आले. त्याला वाहिलेली वाइल्डरनेस मेडिकल सोसायटी 1983 ची. शहरी प्रथमोपचार रुग्णवाहिका येईपर्यंतचा असतो. येथे जखमीला रात्रभर सांभाळावे लागते, उपलब्ध वस्तूंतून फळी-झोळी करावी लागते, आणि माणसाला खाली न्यायचे की जागेवरच मदत बोलवायची हे ठरवावे लागते. हा निर्णय सर्वांत अवघड, आणि प्रशिक्षणाचा खरा गाभाही तोच आहे. प्राथमिक अभ्यासक्रम साधारण 16 तासांचा, तर ‘फर्स्ट रिस्पाँडर’चा 70-80 तासांचा असतो.

सह्याद्रीत या प्रशिक्षणाला स्थानिक ज्ञानाची जोड लागते. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. अवयव हलू न देता प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. कोकणातील लाल विंचवाचा दंश हृदयावर आघात करतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून मृत्यूंचे प्रमाण फार खाली आणले.

महाराष्ट्र राज्याचे साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आले. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षण आणि नौका हाताळणीचे शिक्षण मिळते. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक कड्यांवरून आणि पाण्यातून माणसे बाहेर काढतात. प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांची असली तरी सीपीआरचा हात काही महिन्यांतच बोथट होतो, म्हणून दोर फेकण्याचा आणि छाती दाबण्याचा सराव दर हंगामाच्या सुरुवातीला, पहिला पर्यटक येण्याआधी, पुन्हा करावा लागतो.