टर्बो गाडीचा सांडवा

धरणाला सांडवा कशासाठी, हे शेतकरी बंधूंना सांगायला नको. टर्बो मोटारीलाही तसाच सांडवा असतो.

इंजिनाचा गरम धूर टर्बोचे एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक हवा दाबून इंजिनात भरते. जादा हवेत जादा इंधन जळते, ताकद वाढते. पण धूर वाढेल तसा दाबही चढत जातो. तो हद्दीला पोचला की 'वेस्टगेट' झडप उघडते व काही धूर चाकाला वळसा घालून निघून जातो. स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ साली '९९ टर्बो' दाखवली, तिच्यातही हीच सोय होती.

'ब्लो-ऑफ' झडप निराळी. पेट्रोल गाडीत पाय एकदम उचलला की हवेची वाट बंद होते. कोंडलेली हवा उलटून चाकावर आदळू नये म्हणून ही झडप ती सोडून देते. डिझेल गाडीत तिची सहसा गरज नसते. नुसत्या आवाजासाठी खर्च करू नये.

ताकद वाढावी म्हणून वेस्टगेट आवळून देणारे भेटतील. त्यांचे ऐकू नका. दाब हद्दीबाहेर गेला तर पिस्टन फुटू शकतो. सांडवा बुजवून कोणी पाणीसाठा वाढवतो का?