असेंबल्ड संगणकातील एसएमपीएस बदलताना : ताम्हिणीसारख्या दमट प्रदेशाच्या संदर्भात

मुळशी धरणाच्या पश्चिमेस वसलेले ताम्हिणी हे अतिवृष्टीचे ठिकाण होय. येथील पावसाळी दमट हवेत एसएमपीएसमधील धूळ ओलावा धरून ठेवते आणि तो निकामी होण्याचा संभव वाढतो. घरी जुळवलेल्या संगणकात हा भाग स्वतः बदलता येतो. मात्र खरेदीच्या वेळी बहुधा केवळ वॅट विचारले जातात.

एसएमपीएस २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. आधुनिक संगणकाचा बहुतांश भार १२ व्होल्टच्या वाहिनीवर असतो. वेष्टनावर ४५० वॅट छापलेले असले, तरी लेबलावर १२ व्होल्टसमोर १५ अँपिअरच असल्यास त्या वाहिनीतून १८० वॅटच मिळतात. म्हणून अँपिअर वाचावेत.

बदलण्यापूर्वी वायर भिंतीतील सॉकेटमधून काढावी. जुना एसएमपीएस उघडू नये; वीज बंद केल्यावरही त्यातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो. सुट्या केबलींचा एसएमपीएस असल्यास जुन्या केबली नव्यास जोडू नयेत. टोके जुळली, तरी आतील तारांचा क्रम भिन्न असू शकतो, आणि हार्ड डिस्क जळून वर्षानुवर्षांची प्रश्नपत्रिका-टिपणे नष्ट होऊ शकतात.

अर्थिंगचा प्रश्न वेगळाच आहे. ते नसल्यास फिल्टरमधील कपॅसिटरमुळे पुरवठ्याच्या सुमारे निम्मा दाब कॅबिनेटच्या धातूवर येतो व स्पर्शाने झिणझिण्या जाणवतात. हा दोष घरातील वायरिंगचा. नव्या एसएमपीएसने तो जात नाही.