व्रण की गाठ?

गुदाशयाचा कर्करोग काढला की माकडहाडाच्या वरच्या बाजूला, त्रिकास्थीसमोर, एक पोकळी उरते. ती फार काळ रिकामी राहत नाही. लहान आतडं खाली उतरतं, मूत्राशय मागे सरकतं, स्त्रियांमध्ये गर्भाशयही मागे कलतं. गुदद्वारही काढून पोटावर कायमची पिशवी बसवली असेल, तर ही सरकासरक आणखी जास्त. सीटी स्कॅनमध्ये असं आतड्याचं वेटोळं किंवा कललेलं गर्भाशय गाठीचा तोतया म्हणून सहज खपून जातं. त्यात जखम भरताना तयार झालेला व्रणही तिथेच असतो.

पंचाईत अशी, की रोग उलटला तर तोही बऱ्याचदा याच परिसरात. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे शल्यविशारद बिल हील्ड यांनी गुदाशय भोवतीच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढायची पद्धत १९८२मध्ये मांडली. ती रुळल्यावर हे उलटणं बरंच घटलं, पण थांबलं नाही.

एमआरआय इथे सीटीपेक्षा चांगली साक्ष देतो. मुरलेल्या व्रणात पाणी कमी, म्हणून ‘टी-टू’ प्रतिमेत तो काळा दिसतो. गाठ बहुधा राखाडी. ताजा व्रण मात्र सुजलेला आणि उजळ असतो. किरणोपचार झाले असतील तर ही सूज महिनोन्महिने रेंगाळते. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. कर्कपेशी ती अधाशासारखी ओढतात, पण दाह झालेल्या पेशीही तेच करतात. शिवाय ही साखर लघवीतून बाहेर पडते, त्यामुळे मागे सरकलेलं मूत्राशय नेमकं नको तिथे चमकतं!

म्हणून रेडिओलॉजिस्ट आधी विचारतो, ‘जुना स्कॅन आहे का?’ शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी काढलेला स्कॅन हाताशी असला, तर व्रण आक्रसतोय की काही वाढतंय, हे ताडता येतं. आपल्याकडे लोक रिपोर्टचा कागद जपतात आणि सीडी हरवतात. खरं तर सीडीच जास्त मोलाची.

तरीही संशय फिटला नाही, किंवा रक्तातलं ‘सीईए’ हे कर्करोगाचा इशारा देणारं द्रव्य चढत राहिलं, तर सीटीच्या मदतीने बहुधा नितंबातून सुई घालून तुकडा काढतात. कर्कपेशी व्रणात विखुरलेल्या असल्या तर सुई त्यांना चुकवूनही जाऊ शकते. त्यामुळे तपासणीत काही सापडलं नाही तरी डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय सांगतात.