मेमोरियल म्हणजे भाषण नव्हे

अभिरूप आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मेमोरियल (लेखी युक्तिवाद) म्हणजे देशाच्या बाजूचं जोरकस भाषण, असा समज आहे. प्रत्यक्षात त्यात मुख्यतः तीन गोष्टी मांडायच्या: न्यायालयाला अधिकार आहे का, कोणतं कलम मोडलं, मागणी काय. हे परीक्षेच्या पुनर्मूल्यांकनाच्या अर्जासारखंच आहे: त्यात मुलगा हुशार असल्याचं सांगून भागत नाही. कोणतं उत्तर तपासायचं राहिलं ते दाखवावं लागतं.

खऱ्या न्यायालयातला कुलभूषण जाधव खटला पाहा. जाधव या भारतीयाला पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावली होती. भारतातर्फे नागपूरचे हरीश साळवे उभे होते. जाधव हेर की निर्दोष, हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा, अटकेतल्या माणसाला स्वदेशाच्या वकिलातीशी मिळणाऱ्या संपर्काचा. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी कलमभंग सिद्ध झाला. सुटकेची मागणी मात्र फेटाळली गेली. शिक्षेच्या फेरविचाराचा आदेश निघाला. कलमभंग सिद्ध होऊनही मागणी फेटाळली जाऊ शकते, म्हणून मागणीचा परिच्छेद आधी लिहावा, असं मला ठामपणे वाटतं.