डोंगरावरचे दोन शेजारी

डिसेंबरात स्वालबार्डवर दुपारचे बारा वाजतात, तेव्हा आभाळात चांदण्या असतात. ७८ अक्षांशावरच्या या नॉर्वेजियन बेटांवर हिवाळ्याचे कित्येक आठवडे दिवसही काळोखात जातो. ध्रुवीय प्रकाशाचे वेध घेणाऱ्यांना ही पर्वणीच. सूर्याकडचे कण ज्या चिंचोळ्या वाटेने दिवसाच्या बाजूने वातावरणात शिरतात, ती वाट रोज या बेटांच्या आसपास येते. ऊन असतं तर तिथली ज्योत दिसलीच नसती.

लाँगइअरबिएन गावाजवळ, ब्राइनोसा डोंगरावर २००८ साली शेल हेन्रिक्सन वेधशाळा उघडली. छपरावर ३० पारदर्शक घुमट, त्यांखाली अंधाऱ्या खोल्या आणि खोल्यांत वर रोखलेले कॅमेरे, वर्णपटमापक. ऑक्सिजनच्या अणूचा हिरवा प्रकाश ५५७.७ नॅनोमीटरचा, उत्तेजित अणू तो सेकंदाच्या आतच टाकतो. ६३० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला मात्र जवळजवळ दोन मिनिटं लागतात. खालच्या दाट हवेत तेवढ्यात धक्के बसून ऊर्जा निघून जाते. म्हणून लाली बहुतेक २०० किलोमीटरच्या वर, हिरवा पडदा १०० ते १५०च्या दरम्यान. रंगावरून उंचीचा अंदाज येतो, पण अंदाजच. फोटोत पडद्याची सगळी खोली चपटी होते.

ती खोली मोजणारा शेजारी याच डोंगरावर आहे: १९९६ साली सुरू झालेलं आयस्कॅट संस्थेचं रडार. त्याच्या दोन तबकड्या, ३२ आणि ४२ मीटर व्यासाच्या. धाकटी फिरते, थोरली पृथ्वीच्या चुंबकीय बलरेषेकडे तोंड करून कायमची स्थिर. ५०० मेगाहर्ट्‌झचे स्पंद वर जातात, आयनांबरातले सुटे इलेक्ट्रॉन त्यांचा नगण्य अंश परत पाठवतात. त्या कुजबुजीच्या वर्णपटावरून कोणत्या उंचीवर इलेक्ट्रॉन किती, तापमान किती, आयन कुठल्या वेगाने वाहतात, हे काढता येतं. मात्र झोत अरुंद; आभाळाचा एक ठिपकाच त्यात मावतो.

समजा, ११० किलोमीटरवर इलेक्ट्रॉन एकाएकी वाढले. पडदा खरंच तेजाळला, की बाजूचा पडदा नुसता झोतात सरकला? रडारला ते कळत नाही. त्याच क्षणाचा कॅमेऱ्याचा फोटो पाहावा लागतो.

वसंतात उजेड परततो आणि घुमटांखालचे कॅमेरे विसावतात. रडारला ना उन्हाचं सोयरसुतक, ना ढगांचं. ते मोजत राहतं. फक्त पडदा सरकला की उजळला, हे सांगणारा शेजारी तेवढे महिने झोपलेला असतो.